कोयत्यांची गणती आणि माणसांची गणती

(दसऱ्याच्या सायंकाळी, मंडळी ऊसतोडीस निघण्यापूर्वी, मारुतीच्या पारावर गावच्या शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



आज सोने लुटण्याचा दिवस. आपट्याची पाने देऊन झाली, वडीलधाऱ्यांच्या पाया पडून झाले. आता आठपंधरा दिवसांत ट्रक आणि ट्रॅक्टर या पारापाशी उभे राहतील. भांडीकुंडी, गोधड्या, शेळ्या, कोंबड्या आणि पोरेबाळे एकावर एक चढतील आणि गाव ओस पडेल. मागे राहतील म्हातारी माणसे आणि आम्ही मास्तर. रिकाम्या बाकांपुढे बोलून आम्ही थकलो, म्हणून आज भरल्या पारापुढे चार शब्द बोलतो. आम्ही कोणी वक्ते नव्हे. ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षे काढली, तेथे हजेरी ठेवावयास आणि हिशेब मांडावयास शिकलो. तेव्हा हिशेबाचेच बोलू.

कोणताही मोठा कारभार चालवावयाचा तर माणसे किती लागतील, कोणत्या कामास लागतील, केव्हा लागतील आणि कोठून आणावयाची, हे आधी ठरवावे लागते. शहाणे लोक यास मनुष्यबळाचे नियोजन असे भारदस्त नाव देतात. नाव मोठे असले तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. लग्नघरी पंगती किती उठणार हे पाहूनच आपण वाढपी सांगतो. पूर्वी गावगाड्यातही हा हिशेब होताच. एका सुताराच्या हातून किती नांगर सांभाळले जातील, एका लोहाराच्या भात्यावर किती फाळ शेवटले जातील, हे गाव जाणून होते. पण त्या आखणीत एक मोठे पाप होते. कोणाचे हात कोणत्या कामास लावावयाचे हे त्याच्या जन्माबरोबरच ठरून जाई. सुताराच्या पोराला गणित चांगले येते की काय, हे विचारण्याची कोणास गरज वाटली नाही. म्हणून त्या जुन्या घडीसाठी आम्ही उसासे टाकणार नाही. ती मोडली हे बरेच झाले. प्रश्न इतकाच की, आता आपल्या हातांची आखणी कोण करतो?

तिचे उत्तर ऐका. ती साखर कारखाना करतो, आणि फार नेटकी करतो.

मंडळी, तुम्ही उन्हाळ्यात येथे विहिरीचा तळ पाहत बसलेले असता, तेव्हा तिकडे कारखान्याच्या शेतकी खात्यात तुमची गणती झालेली असते. ती कशी होते ते समजून घ्या. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टात लागतो आणि सोळा-अठरा महिन्यांनी तुटतो. सुरू ऊस जानेवारी-फेब्रुवारीत लागतो आणि वर्षाने तुटतो. शिवाय खोडवा. लावणीची नोंद कारखान्यात होते. चिटबॉय बांधावर जाऊन गट, क्षेत्र आणि जात लिहून आणतो. म्हणजे कोणत्या महिन्यात किती टन ऊस तयार होणार, हे कारखान्यास वर्षभर आधी कळते.

आता पुढचे गणित आपण येथेच मांडू. समजा, कारखाना रोज २५०० टन ऊस गाळतो. ऊस तोडल्यावर चोवीस तासांच्या आत चरकात जावा लागतो, नाहीतर वजन घटते आणि साखरही घटते. म्हणून तोडून ढीग घालून ठेवता येत नाही. रोज २५०० टन गाळावयाचा तर रोज तेवढाच तुटला पाहिजे. एक कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, दिवसाला दोन टन तोडते असे धरा. अडीच हजारांस दोनाने भागा. १२५० कोयते आले. काही टोळ्या ऐनवेळी येत नाहीत, काही जोड्या आजारी पडतात, म्हणून आणखी काही शिलकी कोयते धरले जातात. मग इतके कोयते कोणत्या मुकादमाकडून मिळतील, कोणास किती उचल द्यावयाची, गाडी सेंटर किती, टायर सेंटर किती, डोकी सेंटर किती, हे सारे ठरते. तुमच्या हातात उचलीची नोट पडते ती या गणिताच्या शेवटी.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. आखणी करणे वाईट नाही. न आखता चालविलेला कारखाना बुडेल आणि त्याबरोबर ऊसवालाही बुडेल. आणि ऊसवाला हा काही आपला वैरी नव्हे. १९५० साली प्रवरानगरास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने सहकारी कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्यात शेतकऱ्यांनीच भांडवल घातले होते. ऊस पिकविणारा शेतकरी आणि ऊस तोडणारा शेतकरी. एकाच्या बांधाला पाट आला, दुसऱ्याच्या बांधाला आला नाही. १९७२ च्या दुष्काळाने आपल्या बालाघाटाच्या कुशीतील गावेच्या गावे बाहेर काढली आणि जी वाट तेव्हा मळली तिच्यावर अजून गवत उगवलेले नाही.

तर तक्रार आखणीबद्दल नाही. तक्रार अशी की, आखणी चुकली तर तिचा भुर्दंड कोण सोसतो?

कारखान्याच्या यंत्रात बिघाड झाला, दोन दिवस चरक थांबला. कारकुनाचा पगार थांबत नाही. चिटबॉयचाही थांबत नाही. पण तोडणी थांबते, आणि तुमची मजुरी टनावर आहे, दिवसावर नाही. तुम्ही कोपीत बसून राहता आणि पोटाची खर्ची मात्र अंगावर चढते. अवकाळी पाऊस पडला, फडात गाडी जाईना, पुन्हा तेच. कोयते जास्त आले तर प्रत्येकाच्या वाट्याला ऊस कमी. कोयते कमी आले तर रात्री दोन वाजता उठून गाडी भरा. बेरीज चुको, वजाबाकी चुको, चूक दुरुस्त होते ती तुमच्या पाठीवर. ज्याने आखणी केली त्याच्या अंगाला झळ लागत नाही आणि ज्याला झळ लागते त्याला आखणीत कोणी विचारले नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आपल्या आजीच्या तोंडी होती. आम्हांस वाटते, आता दळणाऱ्याने डोळे उघडावे.

डोळे उघडून आपल्या घराचा हिशेब पाहा. खरा दर तुमच्या करारात पाहावा. येथे सोयीसाठी टनास ३५० रुपये धरू. हंगाम १२० दिवसांचा. रोज दोन टन, म्हणजे २४० टन. मजुरी झाली ८४,००० रुपये. उचल घेतली होती समजा एक लाख. १६,००० अंगावर राहिले. आता त्यात पंधरा दिवस वाया गेले असे धरा. टन राहिले २१०, मजुरी ७३,५००, आणि बाकी २६,५००. हंगामात घेतलेली खर्ची आणि खाड्याचा दंड अजून धरलेला नाही. ही बाकी घेऊन तुम्ही अक्षय्य तृतीयेला गावी येता आणि ती फेडण्यासाठी पुढल्या दसऱ्याला पुन्हा निघता. म्हणजे पुढल्या वर्षी कारखान्याला कोयते मिळतील की नाही याची काळजी करावी लागत नाही. बाकीच ते काम करते. कारखान्याच्या आखणीतील सर्वांत पक्का खांब कोणता म्हणाल तर तुमचे कर्ज.

कोणी म्हणतील, मास्तर, २०२४ च्या जानेवारीत दर ३४ टक्के वाढला की. वाढला, आणि लढल्यामुळेच वाढला. त्याचे मोल आम्ही कमी करीत नाही. पण दर वाढला तरी टन किती भरले हे ज्याच्या वहीत आहे त्याच्याच शब्दावर हिशेब होतो. मुकादमाची वही आहे. तुमची वही कोठे आहे?

मुकादमास आम्ही शिव्या देत नाही. तोही आपल्यातलाच, काल त्याच्याही हातात कोयताच होता. करार त्याच्या नावावर असतो आणि टोळी पळाली तर लोक त्याच्याच दारात येतात. पण त्याच्या वहीत माणसांची नावे क्वचितच असतात. त्यात कोयते असतात. ‘अमक्याचे चार कोयते, तमक्याचा दीड कोयता.’ बाई त्यात कोठेच नाही. ती आहे अर्धा कोयता.

मायबहिणींनो, हे तुमच्याशी बोलतो. अर्ध्या कोयत्याला पाळी नसते, बाळंतपण नसते, कंबरदुखी नसते. ती नसावी अशीच आखणी केलेली असते, कारण एक आजारी पडली की जोडी मोडते आणि खाडा पडतो. याचा परिणाम कोठवर गेला ते साऱ्या महाराष्ट्राने २०१९ साली ऐकले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची चौकशी करण्यास सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायांची पाहणी झाली, त्यांपैकी १३ हजारांवर बायांची गर्भाशये काढलेली निघाली. कोणाला कर्करोगाची भीती घातली गेली, कोणी दर महिन्याचा खाडा नको म्हणून स्वतःच दवाखान्याची पायरी चढली. ज्या बाईला फडात पाण्याचा घोट आणि आडोसा मिळत नाही, तिचे दुखणे बरे कसे व्हावे? १२५० कोयते येणार हे ज्याला वर्षभर आधी ठाऊक असते, त्याला १२५० बाया येणार हेही ठाऊक असतेच. मग इतक्या बायांना किती संडास, किती पाणी, अंगावरच्या पोरांसाठी किती पाळणे, हे त्याच कागदावर का मांडले जात नाही? ऊस वाळू नये म्हणून जी काळजी घेतली जाते तिच्या चौथाईने तरी माणूस वाळू नये म्हणून घ्यावी, ही मागणी फार मोठी नाही.

जोडीला उचल मोठी मिळते, म्हणून दिवाळीच्या आधी पोरापोरींची लग्ने उरकण्याची चालही तुम्ही जाणता. कायद्याने मुलीस अठरा आणि मुलास एकवीस वर्षे लागतात. आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगी होती. अपूर्णांकाची गणिते ती तोंडी सोडवी. सहामाही झाली आणि नंतर ती आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाणंदीत भेटली, कपाळभर कुंकू, कडेवर जावेचे पोर. आम्हांस पाहून तिने पदर पुढे ओढला. आम्ही विचारले, ‘कशी आहेस बाई?’ ती म्हणाली, ‘गुरुजी, आता माझाच अपूर्णांक झाला.’ अर्धा कोयता! त्या दिवसापासून तो शब्द आमच्या घशाखाली उतरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर दुसऱ्यांची पापे मोजतात, स्वतःचे काय? रास्त आहे. आमचे पापही या पारावर सांगतो.

शाळेतही मनुष्यबळाची आखणी असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्टपासून नव्वदपर्यंत तीन, असा हिशेब घालून दिला. आणि पटावरची मुले मोजतात ३० सप्टेंबरला. म्हणजे कधी? तुम्ही गाव सोडण्याच्या तोंडावर. एके वर्षी आमच्या पटावर ६४ मुले होती. तीन मास्तरांची सोय झाली आणि आम्ही निर्धास्त झालो. डिसेंबरात बाकांवर २७ मुले होती. उरलेली ३७ कोणाच्या फडात, कोणाच्या कोपीत, कोणते भावंड सांभाळीत बसली आहेत, याचा शोध आम्ही घेतला नाही. त्यांची नावे पटावर होती आणि आमच्या जागा त्या नावांवर उभ्या होत्या. कारखान्याने कोयते मोजले आणि आम्ही नावे मोजली. मूल कोणीच मोजले नाही. यात आमचा दोष आहे आणि तो आम्ही पदरात घेतो.

पुढल्या वर्षी आम्ही दसऱ्याआधी घरोघर हिंडलो. शाळा समितीकडून हंगामी वसतिगृहाची खटपट केली. आजी-आजोबांपाशी मुले ठेवून त्यांच्या दोन वेळच्या जेवणाची सोय झाली. १९ मुले मागे राहिली. एका घरी मात्र आमची बोलती बंद झाली. तेथली बाई म्हणाली, ‘गुरुजी, मोठीला ठेवते, पण मग तान्ह्याला फडात कोण धरील? तुम्ही येता का?’ तेव्हा कळले की, दहा वर्षांची ती पोर ही कारखान्याच्या गणितात न धरलेला मजूर आहे. तिला दाम नाही, तिची नोंद नाही, पण ती नसेल तर कोयता चालत नाही. दोष त्या आईचा नव्हे. फडाजवळ पाळणाघर नाही म्हणून शाळेतील एक बाक रिकामा होतो, हा त्याचा सरळ अर्थ आहे.

तर करावयाचे काय? ‘जाऊ नका’ असे आम्ही सांगणार नाही. पोट कोणास सुटले आहे? पण जावयाचे तर मोजून जा.

सर्वांत आधी घरागणिक एक वही करा. दहा रुपयांची चालेल. तारीख, किती टन, पावतीचा नंबर, घेतलेली खर्ची, आणि कोणत्या दिवशी काम कोणाच्या चुकीने बुडाले, एवढे रोज लिहा. लिहिता येत नसेल तर टोळीत एक तरी शिकलेले पोर असते, त्याला सांगा. उचल घेताना कागद करा आणि त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवा. त्यात रक्कम, दर आणि खाड्याचा दंड स्पष्ट असावा. मुकादम भला असेल तर त्याला कागदाचे भय नाही. भला नसेल तर कागदाची गरज अधिक. वहीत बाईचे नाव वेगळे घाला. अर्धा कोयता म्हणून नव्हे, तिच्या नावाने.

दुसरे, ग्रामसेवकाकडे नाव नोंदवून ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र मागा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ निघाले आहे. मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना २०२१ साली आली. योजना कागदावर पुष्कळ असतात हे आम्हीही जाणतो. पण ज्याची नोंदच नाही त्याला दारातून हाकलणे फार सोपे असते. नाव लिहिले गेले की निदान जाब विचारता येतो.

तिसरे, मूल मागे ठेवता आले तर ठेवा. नेणे भागच असेल तर निघण्यापूर्वी आमच्याकडून शिक्षण हमी पत्रक घेऊन जा. ते दाखविले की तिकडच्या जवळच्या शाळेत मूल बसविता येते. मध्यरात्री ट्रक निघणार असला तरी आमचे दार ठोठवा. आम्ही उठून पत्रक लिहून देऊ.

शेवटची गोष्ट जरा लांबची आहे, पण तीच सर्वांत मोठी. कारखाना आता कोयत्यावाचून चालण्याची आखणी करू लागला आहे. २०२३ साली सरकारने ९०० ऊसतोडणी यंत्रांस अनुदान देण्याचे ठरविले. एक यंत्र दिवसाला शंभर टन तोडते असे धरले तर ते पन्नास कोयत्यांचे काम झाले. ९०० यंत्रे म्हणजे ४५,००० कोयते, म्हणजे ९०,००० माणसे. हे उद्याच होईल असे नाही. लहान वावर, ओली जमीन, आडवा पडलेला ऊस, तेथे यंत्र अडते. पण वारा कोणीकडून वाहतो हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. यंत्राचा आम्हांस राग नाही. ज्या कामाने माणूस चाळिशीत म्हातारा होतो ते काम यंत्राने करावे हे चांगलेच. पण ज्या दिवशी कारखाना म्हणेल, ‘यंदा कोयते नकोत,’ त्या दिवशी आपल्या घरात दुसरे काय तयार असेल?

याचे उत्तर कारखाना देणार नाही. ते त्याच्या कागदावरचे काम नव्हे. ते आपल्या घरचे काम आहे. म्हणून आज रात्री जेवणे झाली की दिव्यापाशी बसा आणि घरातील माणसे मोजा. कोयते मोजू नका, माणसे मोजा. कोणाचे वय किती, कोण काय शिकते, पाच वर्षांनी कोण कोठे असेल. दोन भाऊ असाल तर दोघांनीही जाण्याऐवजी एकाने मागे राहून दोन्ही घरची पोरे शाळेत धाडता येतील का, पाहा. एखाद्या पोराला त्याच यंत्रावर चालक किंवा मिस्त्री होता येईल का, पाहा. एखादी पोर दाई, परिचारिका, मास्तरीण होईल का, पाहा. कारखाना आपली आखणी अठरा महिन्यांची करतो. आपण आपली अठरा वर्षांची करू. आपल्या घरी उसाहून मोलाचे पीक आहे, आणि तेही वेळेवर नोंदले नाही तर वाळते.

ट्रक येईल तेव्हा आम्ही या पारावर हजेरीपट घेऊन बसू. तुम्ही तुमची वही आणा. एकमेकांचे आकडे पडताळून पाहू आणि मग निघा. सर्वांना सुखरूप जाणे आणि सुखरूप येणे घडो, इतके म्हणून आम्ही आपली रजा घेतो.